समता गल्ली

"तुमच्या गल्लीला पाटी कशाला? वास आला की कळतंच, वस्ती कुणाची ते."

कारकून म्हणाला. नगरपालिकेच्या भर कचेरीत. बाकावर बसलेले बागायतदार हसले. माझा बाप दाराशी झाडू धरून उभा होता. त्याच कचेरीत तो झाडलोट करायचा. त्याने मान वर केली नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. डी.एड.ला अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र वसईपर्यंत आलं आणि 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत गेलं. पोस्टमन नवीन होता. बागायतदारांच्या रस्त्यांना पाट्या होत्या. आमची गल्ली त्याला कुणी दाखवलीच नाही. मला कळलं तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. वर्ष गेलं.

म्हणून मी अर्ज लिहिला. पाटी लावा, नाव 'समता गल्ली'. घरोघरी फिरून सह्या घेतल्या. लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे.

"म्हणे समता!" कारकुनाने अर्ज भिरकावला. कागद जमिनीवर पडला. "उचल आणि चालू लाग."

बापाने वाकून कागद उचलला. "बाय, घरी चल. माजी नोकरी जाईल."

त्याने कागद झटकून माझ्या हातात दिला. मला दया नाही आली. राग आला. त्याचा, आणि माझाही. इतकी वर्षं मीही अशीच खाली बघत आले होते.

मी कागद परत टेबलावर ठेवला. "अर्ज घ्या. शिक्का मारून पोच द्या."

"नाही दिली तर?"

"इथंच बसते."

बसले. त्याच बाकावर. बागायतदार उठून उभे राहिले. कचेरी बंद व्हायच्या वेळी शिक्का बसला.

चार महिन्यांनी पाटी आली. तिच्यावर आमच्या जातीचं नाव, पुढे 'वाडा'.

बाप म्हणाला, "लागली ना पाटी? आता गप ऱ्हा."

मी ती खांबावरून उतरवली. कारकुनाच्या टेबलावर आपटली. "हे आमचं नाव नाही. अर्जात आहे ते लिहा."

दुसऱ्या दिवशी बापाला कामावरून काढलं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या अर्जावर निम्म्याच सह्या मिळाल्या, लोक घाबरले होते. तो फेटाळला. तिसऱ्यावर माझी एकटीची सही होती. तोही नेऊन दिला.

माझ्या दारात माझी जात तुम्ही लिहायची नाही. लिहाल तितक्या वेळा उतरवीन.