पाव फेरा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरफेचा धडा आला की पूर्वी मी पहारीची गोष्ट रंगवून सांगायचो. दांडी लांब घ्या, जोर कमी लागतो, एकटा माणूस एवढा मोठा दगड हलवतो, वगैरे. आता तो धडा मी फळ्यावर आकृती काढून दहा मिनिटांत उरकतो. मुलांना वाटतं, सरांना कंटाळा आलाय. कंटाळा नाही, लाज वाटते. लांब दांडीनं काय होतं ते मी आमच्याच शेडमध्ये करून पाहिलेलं आहे.

मोताळ्याजवळच्या गावात आमचं घर आहे आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बाबांची जीप. जुनी, चारही चाकांना जोर देणारी, काळ्या मातीच्या चिखलातून शेतात जाऊन न फसता परत येणारी. बाबांनी ती तीसेक वर्षं चालवली. तिच्यातून कापूस गेला, सोयाबीन गेलं, आणि राजूरच्या घाटातून गावातल्या कितीतरी बाया बाळंतपणासाठी बुलढाण्याला गेल्या. आता बाबा मोठ्या रस्त्यावर गाडी काढत नाहीत, शेतापर्यंतच जातात. पण सकाळी आंघोळ झाली की शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, हे चुकत नाही. त्या काळ्या चाकावर जिथं त्यांचे दोन हात असायचे, तेवढ्याच दोन जागा गुळगुळीत झाल्या होत्या.

जीपचं सगळं काम एकच माणूस करायचा, मोताळ्याच्या स्टँडमागचे मिस्त्री काका. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मी पोरगा होतो तेव्हा मला 'काय बे' म्हणायचे. नोकरी लागली तेव्हापासून 'सर' म्हणायला लागले, निम्मा मान आणि निम्मी थट्टा. बाबा आणि ते बॉनेटवर चहाचे कप ठेवून तास तास बोलायचे, आणि काय बोललात असं विचारलं तर दोघांनाही सांगता यायचं नाही. काम अर्धवट राहिलं की काका आपले पाने-हातोड्या आमच्या शेडमध्येच टाकून जायचे. "राहू द्या इथंच. तुमच्या घरून काय जाते?" असं म्हणायचे. इथून पुढचं सांगताना हे वाक्य मला विसरता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, जीपच्या स्टिअरिंगमध्ये खडखड सुरू झाली. वरचं बेरिंग झिजलं होतं. त्याच सुमारास माझ्या मेहुण्यानं देऊळगाव राजाला घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला फोन केला. बोलता बोलता म्हणाला, "त्या भंगारात तेवढं येऊ नका भावजी, दारात बंद पडलं तर ढकलायला माणसं कुठून आणू?" थट्टाच होती. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणालो, जीपनंच येतो, बघच.

बेरिंग बदलायचं तर आधी स्टिअरिंगचं चाक काढावं लागतं. काका आले, त्यांनी मधला नट सोडवला. नट निघाला, चाक काही हललं नाही. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि हसायलाच लागले.

"भाऊ, पाहा, तुमच्या दसऱ्याचं पानी!"

चाकाच्या मधोमध हॉर्नचं बटन असतं. आमच्या जीपचं ते फार वर्षांपूर्वी गेलं, तिथं नुसतं भोक राहिलं. दर दसऱ्याला बाबा स्टिअरिंगला हळदकुंकू लावायचे आणि तांब्यातलं पाणी वरून सोडायचे. ते पाणी बरोबर त्या भोकातून आत जायचं. इतक्या वर्षांच्या पूजेनं चाक आणि आतला दांडा गंजून एकजीव झाले होते. "किती डाव सांगतलं, पानी सोडू नोका," काका म्हणाले. बाबा म्हणाले, "देवानं धरून ठेवलं म्हना." दोघं हसले. मीही हसलो.

मग काकांनी पुलर काढला. तीन पायांचं अवजार असतं. पाय चाकाच्या मधल्या भागाला खालून धरतात, मधला बोल्ट दांड्याच्या टोकावर टेकतो, आणि बोल्ट आवळत गेलं की चाक वर ओढलं जातं. काकांनी गंजावर डिझेल सोडलं, बोल्ट आवळला, लहान हातोडीनं टकटक केलं, कान लावला, पुन्हा आवळला. शेवटी पाव फेरा दिला आणि हात सोडले.

"आता उद्या सकाळपर्यंत कोनी हात लावू नोका. तानात राह्यलं की आपोआप सोडते."

"आजच नाही का होणार, काका?"

"सर, लोखंड आहे. शाळेतलं पोट्टं नाही, छडी दाखवली की उठलं."

पाना बोल्टवर तसाच ठेवून ते गेले. वास्तुशांतीला अजून तीन दिवस होते. म्हणजे खरं तर घाई कसलीच नव्हती. मला फक्त संध्याकाळी मेहुण्याला फोन करून सांगायचं होतं, की चाक निघत नव्हतं, मी काढलं. एवढ्यासाठी.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले. मी शेडमध्ये गेलो. बोअरच्या कामातला चार फुटी लोखंडी पाइप कोपऱ्यात होता. तो मी काकांच्या पान्यात अडकवला. तरफ. लांब दांडी, कमी जोर. पहिल्यांदा थोडा फेरा गेला. काही झालं नाही. मग पाय टेकवून अंगाचा भार दिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. कट् असा आवाज आला आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. वाटलं, सुटलं.

सुटलं नव्हतं. चाकाचा मधला भाग उभा चिरला होता आणि एक आरा कडेच्या तुकड्यासकट तुटून लोंबत होता.

मी बोल्ट थोडा मागं फिरवला. पाना होता तसा, होता त्याच दिशेला ठेवला. लोंबणारा आरा जागेवर दाबून बसवला. पाइप कोपऱ्यात ठेवताना फडक्यानं पुसला. पाइप पुसायची काय गरज होती? पण पुसला. चोराच्या मनात चांदणं. घरात येऊन दोन ग्लास पाणी प्यालो. बाबा उठल्यावर म्हणाले, "पाह्यलं काय बे, सुटलं काय?" मी म्हणालो, "मी हातच नाही लावला."

रात्री ठरवलं होतं, सकाळी काका यायच्या आत बाबांना सांगायचं. सकाळी काका नेहमीपेक्षा लवकर आले. असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे ते नेहमीच्याच वेळेला आले आणि मी अंथरुणात पडून होतो.

मी चहा घेऊन शेडमध्ये गेलो तेव्हा काकांनी पुलर सोडवला होता. चाक त्यांच्या हातात आलं ते दोन तुकड्यांत. बाबा शेजारीच उभे होते. काकांनी चीर बोटानं चाचपली, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तळहात उलटा-सुलटा करून, जसा काही तो दुसऱ्याचा आहे.

"माह्याकडूनच तान जास्त झाला, भाऊ," ते म्हणाले. "अंदाज चुकला."

मला वाटलं होतं ते चिडतील, विचारतील, कोणी हात लावला? मग मी सांगितलंही असतं कदाचित. त्यांनी संशयसुद्धा घेतला नाही. त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही, की ह्या घरात त्यांच्या अवजाराला कोणी हात लावेल.

बाबांनी चाकाचा तुकडा घेतला. नेमका गुळगुळीत झालेला. अंगठा त्यावरून दोनदा फिरवला. मग म्हणाले, "मिस्त्री, नजर गेली तुमची. आता राहू द्या."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी बोललो. काय बोललो ते सांगतो. काकांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणालो, "जाऊ द्या काका. वय झालं की होते असं."

मूग गिळून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मला कोणी विचारलं नव्हतं. समजूत घालायची म्हणून मी ते वाक्य बोललो, शिवाय चांगुलपणाच्या सुरात. काकांनी कप घेतला, प्यायले, पुलर पिशवीत टाकला आणि गेले.

बेरिंग आणि नवं चाक बुलढाण्याच्या एका गॅरेजवाल्यानं बसवलं. चाक ज्यात बसतं त्या दांड्याला दाते असतात; त्यानं चाक एका दातानं वाकडं बसवलं. गाडी सरळ जात असली तरी स्टिअरिंग डावीकडे कललेलं दिसतं. वास्तुशांतीला मी जीपनं गेलो. मेहुण्यानं दारात गाडीसोबत फोटो काढला. त्या फोटोत मी हसतोय.

बाबांनी जुन्या चाकाचे तुकडे तारेनं बांधून शेडमध्ये खिळ्याला टांगले. काकांना त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. काकाही आले नाहीत. पुढच्या दसऱ्याला बाबांनी टांगलेल्या जुन्या आणि नव्या, दोन्ही चाकांना कुंकू लावलं, तांब्या उचलला आणि मध्येच थांबले. "पानी नोको," म्हणाले, "मिस्त्री..." तांब्यातलं पाणी त्यांनी दारातल्या तुळशीला घातलं.

शाळेला जाताना काकांचं दुकान लागतं. मी दुसऱ्या गल्लीनं जायला लागलो. पण ह्या जानेवारीत माझी मोटारसायकल पंक्चर झाली ती नेमकी स्टँडजवळ, आणि ढकलत न्यायला दुसरी जागा नव्हती. काकांनी पंक्चर काढलं. चाक फिरवताना आतून खर्रखर्र आवाज आला. मी म्हणालो, "बेरिंग गेलंय वाटतं. तेही बघून टाका."

"ते दुसऱ्याले दाखवा, सर. मी आता हवा भरतो, पंक्चर काढतो. बाकीचं काम बंद केलं."

"काऊन?"

"तुमच्या घरचं चाक तोडलं तवापासून तान समजत नाही. पाना हातात घेतला की वाटते, आता जास्त होईन. मग कमी होते." ते हसले. "तुम्हीच तं म्हनलं होतं."

भिंतीवर पुलर खिळ्याला टांगलेला होता. त्याच्यावर धूळ बसली होती.

मी तिथंच सांगितलं. बसल्या बसल्या, हवेच्या टाकीशेजारच्या लाकडी खोक्यावर. पाइप, दुपार, कट् आवाज, सगळं. काका ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"किती फिरवलं?"

"जवळजवळ एक फेरा."

"पाइप लावून?"

"हो."

ते उठले, पुलर काढला, लुंगीनं पुसला, बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला. "म्या पाव फेरा देल्ला होता," ते म्हणाले. "पाव फेऱ्यानं तुटत नाही." मग पुन्हा म्हणाले, "पाव फेऱ्यानं नाही तुटत." माझ्याकडे न पाहता. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी पाहिलं. "दोन वर्षं," म्हणाले. "अन् तू मले चहा देऊन म्हनला, वय झालं की होते असं." नोकरी लागल्यापासून त्यांनी मला तू म्हटलं नव्हतं.

मी खाली बघत राहिलो. माफ करा म्हणालो, पण ते इतक्या हळू निघालं, की त्यांना ऐकू गेलं का, ठाऊक नाही.

"भाऊले सांग," ते म्हणाले. "मी नाही सांगनार."

घरी येऊन सांगितलं. बाबा ओट्यावर शेंगा सोलत होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी एकही शेंग सोलली नाही. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली, म्हणाले, "गाडी काढ." काकांच्या दुकानासमोर उतरले आणि मी जीपमध्येच बसून राहिलो, माझ्यापुढं ते वाकडं चाक.

"मिस्त्री, मी तुमच्या नजरेले नाव ठेवलं," बाबा म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माझा बाप रस्त्यात उभा राहून माझ्या वाटचं बोलत होता.

काकांनी त्यांना आधी बसायला खोकं पुढं केलं. मग जीपकडं बघत म्हणाले, "स्टेरिंग वाकडं कोनं बसवलं?"

ते त्याच दुपारी आले. नट काढला, पुलर लावला, हातोडीनं टकटक केलं, कान लावला. चाक लगेच सुटलं नाही. शेवटचा फेरा देताना त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी दिला. पाव. बाबांनी बॉनेटवर चहाचे कप ठेवले. दोनच होते. आणि दोघं कशावर तरी बोलत बसले.

निघताना काका म्हणाले, "सकाळी येतो, भाऊ. रातभर तानात राहू द्या." पुलर चाकावर तसाच होता. पाना मात्र त्यांनी बोल्टवरून काढला, फडक्यात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि सोबत नेला.