खिशातली खडी
भाजलेल्या पिठात गूळ पडला की मला आमच्या अंगणवाडीतला तो वजनाचा दिवस आठवतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांचा रंग ताजा होता आणि विहिरी कोरड्या. मी तिथली सेविका. आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत मी एकेक लेकरू ठेवत होते आणि बाहेर चुलीवर सुकडीचा वास सुटला होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईची पोरगी वाळून गेलेली, पण दर महिन्याला वजनात बरोबर भरायची. त्या दिवशी तिला उचलताना तिच्या झग्याचा खिसा हाताला लागला. आत खडी होती. आई मान खाली घालून म्हणाली, "हलकी भरली तर लोक म्हणतेत, माय उपाशी मारायली." मी म्हटलं, "अवं, हलक्या लेकराला दुप्पट सुकडी भेटती." तिनं खडे पदरात घेतले आणि पोरीला पुन्हा झोळीत ठेवलं. आता नातवंडांसाठी सुकडी हलवताना मला ती बाई कमी आणि माझी वही जास्त आठवते. आधीच्या तीन महिन्यांची वजनं माझ्याच अक्षरात होती, आणि ती पोरगी मला रोज दिसत होती.