सफरचंद पाडल्याशिवाय मुलगी नाही

आमच्या ह्यांना गावात कुणी वितोमिर म्हणत नाही, 'सफरचंदवाले काका' म्हणतात. तेहतीस वर्षं बस चालवली, त्याचं कौतुक शून्य! कौतुक कशाचं, तर आमच्याकडे लग्नात मुलीकडचे लोक दारात उंच काठीला सफरचंद टांगतात आणि मुलाकडच्यांनी ते गोळी घालून पाडलं तरच मुलगी उंबऱ्याबाहेर पडते. ह्यांनी अशी एकेचाळीस सफरचंदं पाडली. म्हणजे एकेचाळीस संसार ह्यांच्यामुळे उभे राहिले, असं हे स्वतःच सांगतात. त्यातले मोडले किती, असं विचारलं की ह्यांना ऐकू येत नाही.

रायफल सासऱ्यांची, लढाईच्या काळातली. परवाना वगैरे काही नाही. ती गादीखाली आणि गादीवर मी! माझी कंबर उगाच नाही दुखत.

त्या वसंतात एका शाळेत कुणी गोळीबार केला, कोवळी कोवळी पोरं गेली, सगळा देश रडला. मग सरकारने जाहीर केलं, घरात लपवलेली हत्यारं महिनाभरात ठाण्यात आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. नंतर सापडलं तर मात्र तुरुंग.

"अहो, देऊन टाका ती एकदाची," मी म्हटलं.

"आणि ओग्नेनच्या लग्नात सफरचंद काय फुंकर मारून पाडू?"

ओग्नेन म्हणजे आमचा पुतण्या. मुदत गुरुवारी संपत होती आणि लग्न रविवारी.

"या वयात तुरुंगात जाल!"

"जाईन. तिथे तरी डोक्याशी कटकट नसेल."

"जा, जा. तिथलं पांचट घेवड्याचं सूप गिळाल ना, तेव्हा माझी किंमत कळेल."

खरं सांगू? मला तुरुंगाची एवढी धास्ती नव्हती. धास्ती होती गोळीची. सुटलेली गोळी कुठे ना कुठे तरी लागणारच की!

गुरुवारी हे सकाळीच "गुडघा दाखवून येतो" म्हणून सटकले. मी रायफल काढली, रजईत गुंडाळली आणि दहाची बस धरली. शेजारच्या मिलुंकाबाई आधीच बसल्या होत्या.

"हे काय गं लांबलचक?"

"पडद्याचा दांडा."

"अगंबाई! माझ्याकडेही दांडाच आहे."

बघते तर अख्ख्या बसमध्ये दांडेच दांडे. एवढे पडदे लावायला गावात खिडक्या तरी आहेत का?

ठाण्यात ही भली मोठी रांग, आणि रांगेत पुढे आमचे हे! गुडघा ठणठणीत. काखेत माझा पिठाचा जुना डबा. टेबलाशी गेले, झाकण उघडलं आणि आतून हातबॉम्ब काढून ठेवला.

पोलीस ताडकन उठला. "काका! बॉम्ब आणायचा नसतो! फोन करायचा, आम्ही घरी येतो!"

क्षणात रांग रिकामी झाली. त्यामुळे माझा नंबर लगेच लागला, एवढाच काय तो फायदा.

"त्या डब्यातल्या पिठाचा मी नाताळचा पाव केला होता!" मी ओरडले.

"बॉम्ब दिला की सरकार खूश, रायफल राहील म्हटलं," हे पुटपुटले. मग त्यांचं लक्ष रजईकडे गेलं आणि चेहरा असा काही उतरला की मला दया आली. तरी मी रायफल टेबलावर ठेवलीच.

तीन दिवस अबोला.

रविवारी मुलीचा बाप रादिशा दारात छाती काढून उभा. "सफरचंद पाडल्याशिवाय मुलगी नाही!" त्याची स्वतःची बंदूकही ठाण्यातच जमा झालेली. दोन्हीकडच्यांनी डोकी लावली आणि तोडगा निघाला, बेचकी! ह्यांची कळी खुलली. खडा लावला, रबर कानापर्यंत ताणलं, एक डोळा मिटला.

"दिसलं! काय लालभडक आहे!"

मी वर पाहिलं. काठीवरचं सफरचंद हिरवं होतं. लाल होती ती टोपी. माडीच्या सज्जात रादिशाची नात टाळ्या पिटत उभी होती आणि ह्यांचा नेम तिच्यावर.

मी मनगट धरलं. "अहो, ती पोर आहे," कानात म्हटलं. बेचकी त्यांच्या हातातून गळून पडली.

ओग्नेनला कुठला धीर! त्याने काठी गदागदा हलवली, सफरचंद पडलं, बाजा सुरू झाला. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. हे बाकावर जाऊन बसले, मी शेजारी.

"अगं," हे म्हणाले, "गेल्या वर्षीच्या लग्नात ते तिसऱ्या गोळीला पडलं, नाही का?"

"हो."

"मग पहिल्या दोन मी कशावर झाडल्या?"

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा सगळ्यांबरोबर मीही सफरचंदाकडेच बघत होते.