डाव्या बाजूचं वल्हं

जागतिक स्पर्धेत आमची होडी लेन सोडून गेली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. माझं गाव शिरूरच्या बाजूचं, होडीतल्या माझ्या जोडीदाराचं पलीकडे, राहूजवळ. त्याचे वडील, आबा, माणसांना होडीतून या काठावरून त्या काठाला सोडायचे. आम्हा दोघांना वल्हं धरायला त्यांनीच शिकवलं. पुढे दोघांचीही राष्ट्रीय संघाच्या शिबिरात निवड झाली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही देशातर्फे एका परदेशी तळ्यावर एकाच होडीत बसलो. जिंकू असं कुणालाच वाटत नव्हतं. पण जो चांगला दिसेल तो शिबिरात टिकणार आणि टिकेल त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या होडीत एका गुडघ्यावर बसतात. मी पुढे, वल्हं डावीकडे. तो मागे, वल्हं उजवीकडे. सुकाणू नसतं. होडी सरळ ठेवायची ती मागच्यानं. त्यामुळे ती वाकडी गेली की सगळे मागच्याकडे बघतात. पण पुढच्यानं ओढायचं सोडलं तरी ती वाकडीच जाते. मागच्याचा एकट्याचा जोर तिला पुढच्याच्या बाजूला ढकलतो.

जोडीच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी माझी एकट्याची शर्यत होती. त्याला तशी मिळाली नव्हती. जोडीच्या शर्यतीत अर्धं अंतर कापेपर्यंत बाकीच्या होड्या पुढे निघून गेल्या आणि माझ्या मनात आलं, ही तर गेलीच, उद्यासाठी हात राखावेत. मी वल्हं पाण्यात घालत राहिलो, ओढलं नाही. ताल चुकवला नाही, म्हणून काठावरून काही दिसलं नसणार. होडी डावीकडे सरकायला लागली.

"वढ," मागून तो म्हणाला. मग ओरडला, "आरं, वढ की!"

मी मान वळवली नाही. लेनचे तरंगते गोळे होडीला घासले आणि आम्ही शेजारच्या लेनमध्ये शिरलो. बाद.

धक्क्यावर प्रशिक्षक त्याच्यावर तुटून पडले. "पीछे बैठ के सो रहा था क्या? सीधी नहीं रख सकता?"

मी गुडघ्याखालचा स्पंज पिळत उभा होतो. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"चुकलं, सर," तो म्हणाला.

संध्याकाळी खोलीत त्यानं माझ्या दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि म्हणाला, "उद्या तरी वढ." त्यानंतर हा विषय त्यानं कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी ओढलं. तरी शेवटचाच आलो.

परतल्यावर शिबिरातून त्याचं नाव काढलं, माझं राहिलं. मला दौंडला नोकरी लागली. त्याच्या गावात टपरीवरची पोरं त्याला म्हणायची, "पैलवान, सरळ चाला, न्हाईतर गटारात जाल!" तो हसून चहा प्यायचा. एकदा मी सोबत होतो. मीही हसलो.

काही वर्षांनी वाळू काढणारी भरली बोट उलटली, त्यात तो गेला. पाय दोरात गुंतला होता.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. कुणी म्हणालं, पोरांना सांभाळू. कुणी म्हणालं, घर बांधून देऊ. कावळे लांब बाभळीवर बसून राहिले. आबांनी मला बाजूला घेतलं.

"त्याच्या मनात ते होडीचंच ऱ्हायलंय बघ. तू म्होरं होतास. खरं सांग, त्याच्या हातनं झालं का?"

"व्हय, आबा," मी म्हणालो.

शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आता पूल झाला, आबांची होडी बंद पडली. मी गेलो की ते आत चहा टाकायला सांगतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, "ह्यो आमच्या पोराचा जोडीदार." त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे इथं लिहून माझं काही फिटत नाही. होडी त्यांच्या मुलानं नाही, मी वाकडी नेली, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.