भिवापूरचं ताक आणि माझ्या मानेतला वात

पुतणीच्या कंपनीत दर शुक्रवारी एक मालीशवाली येते. खुर्चीवर उलटं बसवून दहा मिनिटं मान-खांदे दाबून देते आणि त्याला म्हणे ‘वेलनेस’ म्हणतात. कामाचा ताण उतरतो, माणसं एकमेकांवर कमी खेकसतात, असं तिच्या साहेबांचं म्हणणं. साहेबांचं खरंच आहे. आमच्या वेळी वेलनेस म्हणजे सुपरवायझर बाई रजेवर असणं. पुतणीने विचारलं, काकू, तू कधी केलास का गं मसाज? म्हटलं, केलाय तर, आणि त्यासाठी तुझ्या मैत्रिणींसारखा प्रवासही केलाय. त्या बँकॉकला गेल्या, मी भिवापूरला. ती म्हणाली, मग लिही की ब्लॉगवर.

तर गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. मी नागपूरला ट्रंक टेलिफोनच्या बोर्डावर होते. डोक्यावर हेडसेट, पुढ्यात दोऱ्या आणि भोकं, आणि तोंडात दिवसभर ‘हॅलो’ आणि ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ माझ्यावाचून नागपूरचं मुंबईशी बोलणंच व्हायचं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीचं वजन मानेवर आलं असणार. कारण एका थंडीत मान जी आखडली ती आखडलीच. डावीकडे बघायचं तर मी सबंध वळायची, खुर्चीसकट. बोर्डावरच्या मुली मला ‘पुतळा’ म्हणू लागल्या. घरी ह्यांनी माझी उशी काढून घेतली, चार दिवसांनी परत दिली, मग दोन दिल्या. गुण शून्य.

इथवर हसण्यावारी होतं. पण डाव्या टोकाच्या भोकापर्यंत माझा हात वेळेवर पोचेना, दोन कॉल तुटले, आणि एका व्यापाऱ्यावर मी अशी खेकसले की त्याने लेखी तक्रार केली. कागद आला: सोमवारी खात्याच्या डॉक्टरांपुढे हजर व्हा. मान दोन्हीकडे फिरली नाही तर बोर्ड बंद, रेकॉर्ड रूममध्ये ट्रंक कॉलची जुनी तिकिटं लावत बसायचं. बाकीच्यांना ती बढतीच वाटली असती. मला रडू आलं. मला बोर्ड हवा होता. त्या दोऱ्यांशिवाय मी कोण, हे मला माहीतच नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला प्रमिला बसायची. ती म्हणाली, भिवापूरला माझी मामी आहे, शेवंताबाई. बायकांची मालीश करते, आडवी झालेली बाई उभी करते. शुक्रवार-शनिवारची रजा टाक, रविवार आहेच, मामीला मी कळवते. मी प्रमिलाकडे बघण्यासाठी खुर्ची फिरवली आणि हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी इतवारीहून छोटी गाडी धरली. अरुंद रुळांवरची ती गाडी आता बंद झाली, तेव्हा तुम्ही उमरेड रोडने एस.टी. किंवा गाडी काढून जा, दीड-दोन तासांत पोचाल. आम्हाला अख्खी सकाळ लागायची. तिकीट दोन-तीन रुपये असेल, पण डबा आणि पाणी घरचं न्यायचं. लाकडी बाक, समोरासमोर. मान वळत नसल्यामुळे माझी नजर जिथे लागली तिथेच राहिली, आणि ती लागली होती समोरच्या एका मिशीवाल्या गृहस्थांवर. आधी त्यांनी मिशी पुसली. मग टोपी नीट केली. दिघोरी गेल्यावर त्यांच्या बायकोने मला विचारलं,

“काहून वं बाई, मघापासून माह्या माणसाकडे काहून पाहून राहिली?”

मी शरमेने अर्धी झाले. मान आखडली आहे हो, म्हणून सांगितलं. बाईंनी माझी मान बोटाने ढोसून खात्री केली, नवऱ्याला खिडकीशी ढकललं आणि स्वतः माझ्या नजरेसमोर येऊन बसल्या. कुहीला त्यांनी बोरं घेतली. उमरेड येईपर्यंत मी त्यांचं तोंड बघत बोरं खाल्ली, आणि त्यांच्या दोन्ही सुनांचे अवगुण मला पाठ झाले. खिडकीतून धानाची शेतं गेली म्हणतात. मी पाहिली नाहीत.

भिवापूरला उतरले आणि पहिली शिंक आली. मिरचीचा हंगाम. गावभर लाल मिरची वाळत पडलेली, हवेतच तिखट. गावातले लोक सहज शिंकत होते, शिंकता शिंकता सौदे करत होते. आखडलेल्या मानेने शिंकणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. प्रत्येक शिंकेला मी खांब धरायची. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर नाकाला रुमाल न्या.

माझ्या कल्पनेत शेवंताबाई म्हणजे ओसरीवर बसून रोग्यांची वाट बघणारी कोणी सिद्ध बाई. प्रत्यक्षात त्या कामावर होत्या. मिरचीची देठं खुडण्याची मोठी उघडी शेड असते, तिला तिकडे सातरा म्हणतात. पन्नास-साठ बायका ढिगाभोवती बसून खुडत होत्या, बोटं दिसत नव्हती इतक्या भराभर. त्यांतल्या एका ठेंगण्या, सावळ्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तूच का ती फोनवाली, बस त्या पोत्यावर, संध्याकाळी पाहू. मी पोत्यावर बसून संध्याकाळपर्यंत शिंकले.

घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं. दारात एक बकरी, बाकी एकट्याच राहायच्या. जेवायला भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. गंमत म्हणजे भाजी आमच्या घरच्यापेक्षा कमी तिखट. जेवायच्या आधीच त्यांनी मला पालथं घातलं, वाटीत मोहाच्या बियांचं तेल ओतलं आणि अंगठा मानेच्या मुळाशी असा रोवला की मी आईला हाक मारली.

मग ऊब आली. वरवरची नाही. तेल जिरत गेलं तसं आतून काहीतरी पेटत गेलं, खांद्यापर्यंत पसरलं, आणि दोन महिन्यांची ती गाठ विरघळायला लागली. मी चक्क रडायला लागले. त्यांनी हात थांबवला नाही. दिवसभर काय करतं वं तू तिथं, म्हणून विचारलं. मी पालथी पडूनच अभिमानाने सांगितलं, की मी लोकांचं बोलणं जुळवून देते. मुंबईचा मुलगा, नागपूरची आई. कुणाचं बारसं, कुणाचं मरण. सगळं माझ्या हातून जातं.

“अन् मंग तुह्यं बोलणं कोणासंग?”

मी विचार केला. हॅलो. तीन मिनिटं झाली. घरी गेलं की डोकं दुखतं म्हणून गप्प. प्रमिला तीन वर्षं डाव्या हाताला बसत होती आणि तिची मामी एकटी राहते हे मला इथे येऊन कळत होतं.  शेवंताबाईंचा अंगठा दुसऱ्या खांद्याकडे वळला.

मालीश संपली तशी त्यांनी एका कोपऱ्यातून ताकाचं भांडं ओढलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवून बसल्या. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. मी उठून बसले आणि मला सगळं लख्ख उमगलं. माझ्या मानेतला वात त्यांच्या हातांत उतरला होता, आणि आता त्या तो ताकात सोडत होत्या. केवढी विद्या! मी हळूच विचारलं, वात ताकात उतरला का? त्यांनी एक डोळा उघडला.

“हो नं. पाय, केवढा निघाला तुह्या मानेतून.”

मग मला काळजी लागली. हे ताक बकरीला पाजू नका हो, म्हटलं, तिची मान धरेल. शेवंताबाईंना ठसका लागला. नाही पाजत, म्हणाल्या, लांब उकिरड्यावर नेऊन टाकते, नाही तर तारेतून मुंबईला जाईल. मी गंभीरपणे मान हलवली. म्हणजे किंचित हलली.

शनिवारी दिवसभर गाव हिंडले, देवळात बसले, तलावाच्या काठाने चालले. संध्याकाळी पुन्हा मालीश, पुन्हा ती आतली आग, पुन्हा ताक. मान उजवीकडे पूर्ण फिरली. रविवारी सातऱ्याला सुट्टी होती, म्हणून सकाळीच मालीश झाली. त्या दिवशी नुसती हाताची ऊब, आग अशी नाही, आणि नंतर ताकही लागलं नाही. माझा हिशेब चोख होता: वात संपला. निघताना मी तेल मागितलं, आमच्याकडे चौदा मुली आहेत, सगळ्यांच्या माना धरलेल्या. त्या म्हणाल्या, तेल तं तेल हाये वं, दुकानातलं. मला वाटलं, विद्या लपवतेय. त्यांनी हसत बाटली भरून दिली. पैसे घेतले नाहीत, प्रमिलासाठी मिरचीची पिशवी मात्र माझ्या गळ्यात मारली.

सोमवारी डॉक्टरांनी म्हटलं, उजवीकडे. फिरली. डावीकडे. फिरली, हनुवटी थेट खांद्याला. त्यांनी कागदावर ‘बोर्डासाठी योग्य’ लिहिलं, आणि मानेवरची लाली बघून विचारलं, काय लावलंत? मी बाटली दाखवली. डॉक्टरांनी इकडे-तिकडे पाहून स्वतःच्या कमरेसाठी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत थोडं ओतून घेतलं.

दुपारी विश्रांतीच्या खोलीत मी मुलींना ओळीने बसवलं आणि शेवंताबाईंसारखे अंगठे रोवत तेल चोळायला घेतलं. कुठे आग नाही, काही नाही. एक म्हणाली, ह्यात भजी तळू या. डॉक्टरांचाही तीन दिवसांनी निरोप आला की कंबर जशीच्या तशी. मी बाटली घेऊन बोर्डावर बसले आणि डावीकडे वळले, नुसत्या मानेने. प्रमिला तिथे होतीच. तिला सगळं सांगितलं, वाताचं, ताकाचं, बकरीचं. ती आधी हसली. मग म्हणाली, कुंदा, अगं तेलात काय असणार? मामी दिवसभर मिरची खुडते. हात कितीही धुतले तरी तिखट जात नाही, हंगामभर तळवे जळत असतात. ताकात बुडवल्याशिवाय तिला घास धरवत नाही.

म्हणजे मला जी ऊब वाटत होती ती त्यांच्या हातांची आग होती. मला गुण यावा म्हणून त्या आधी मालीश करायच्या आणि मग ताकाला हात लावायच्या. आणि मी, बोर्डाची हुशार बाई, त्यांना बकरीची काळजी घ्यायला सांगत होते. त्या दिवशी माझे दोन कॉल पुन्हा चुकले, पण मानेमुळे नाही.

तेल संपलं, पण एक सवय राहिली. पाळी बदलताना दहा मिनिटं आम्ही एकमेकींचे खांदे दाबून द्यायचो. आपलं झालं की पुढचीचं. सुपरवायझर बाईंनी आधी डोळे वटारले, मग एक दिवस खुर्ची ओढून स्वतःच पाठ करून बसल्या. तोडून बोलणं कमी झालं, तो व्यापारीसुद्धा म्हणाला की बाई बदललेल्या दिसतात. आणि दाबता दाबता आम्ही बोलायला लागलो. प्रमिलाचं लग्न मोडल्याचं मला तिच्या खांद्यावर हात असतानाच कळलं.

पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा इतवारीहून छोटी गाडी धरली. मान ठणठणीत होती. पिशवीत घरचं लोणी होतं. शेवंताबाई कामावरून आल्या तशी मी त्यांना बसवलं, त्यांचे हात मांडीवर घेतले आणि लोणी लावून एकेक बोट चोळायला लागले. अख्ख्या गावाच्या बायकांची मालीश करणाऱ्या त्या बाईला मालीश करून घेताच येईना. सोड वं, गुदगुल्या होते, म्हणून हात ओढायच्या. मग ओढणं थांबलं. बोटं सैल पडली. मी विचारलं, आणि तुमचं बोलणं कोणाशी असतं हो?

त्यांनी दुसरा हात आपणहून पुढे केला.

“आता तुह्यासंग बोलून राहिली नं वं.”

मान माझी अजून धरते, वय झालं. पुतणीच्या कंपनीतल्या त्या मुलीकडे मीही एकदा जाऊन आले, छान दाबते. फक्त उठताना मी तिला विचारलं, तुझे हात कोण दाबून देतं गं? तिला वाटलं, मी तक्रार करतेय.

त्या दुसऱ्या खेपेला परतीच्या गाडीत माझेच तळवे चुरचुरायला लागले, उमरेडपासून नागपूरपर्यंत. घरी पोचले तर ह्यांना आधीच्या खेपेची गोष्ट तोंडपाठ. काही न विचारता आत गेले, ताकाचा वाडगा घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, राहू द्या थोडा वेळ.