धुरकट पेले

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला होता. सकाळी तिने काचेचा पेला खिडकीशी धरला, पदराने पुसला, पुन्हा धरला. "मला परत धूसर दिसायला लागलंय गं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या हातातून पेला घेऊन पाहिला. धूसर तिची नजर नव्हती, पेला होता. बाबांनी हौसेने आणलेले ते पेले मी रोज डिशवॉशरच्या खालच्या जाळीत, कढयांशेजारी, कढत पाण्यावर लावत होते. ते वरच्या जाळीत, एकमेकांना न टेकता, कोमट पाण्यावर धुवायचे हे ठाऊक होतं. पण घाई असायची. रोज थोडी थोडी काच झिजली. ती चमक आता परत येणार नव्हती.

"आई, डोळे ठीक आहेत तुझे. पेले मी खराब केलेत."

ती खुर्चीत बसली आणि हसली. "एवढंच ना! चार दिवस जिवाला घोर होता माझ्या."

चारही दिवस मी तिला पेला उजेडात धरताना पाहिलं होतं. बाबांची आठवण येत असेल, असं समजून विचारलं नव्हतं. आता पेले मी हाताने धुते. पण आई काम करता करता मध्येच थांबली, की मीही हातातलं टाकून विचारते, "काय झालं गं?"