उकळत्या कण्यांतली पूड
ज्वारीच्या कण्या शिजल्याचा वास आला की हिवरखेडजवळचं ते पत्र्याचं शेड आठवतं. तिथल्या बाईंना ब्रॉयलर कोंबड्यांच्या पिल्लांना धान्य नीट पचावं म्हणून एन्झाइमची पूड जनावरांचा डॉक्टर म्हणून मीच दिली होती. तरी पिल्लं खुरटलेलीच, शेपटाखाली चिकट विष्ठा वाळलेली. "डॉक्टरसायेब, मी त रोज टाकून राहिली, मंग काहून असं?" असं विचारत त्यांनी माझ्यासमोरच पूड उकळत्या कण्यांत टाकली. उष्णतेनं तिचा गुण जातो, हे सांगायचं मीच विसरलो होतो. लाजेनं म्हणालो, "पाकीट खराब निघालं." आठवड्यानं गेलो, तर त्या नवं पाकीट तशाच वाफाळत्या कण्यांत कालवत होत्या. तेव्हाही मी खरं न सांगता परत फिरलो. आता ते शेड बंद आहे. बाजारात भेटल्या की बाई अजून पाकिटालाच दोष देतात, आणि मी मान डोलावतो.